कै. स्मिताबाई पाटील

थोर व्यक्तींचीं चरित्रें वाचतांना त्यांना दीर्घ आयुष्य लाभलें असेल, असें आपण सहजच गृहीत धरतों. स्मिताबाई पाटील यांना आयुष्य मिळालें तें अवघें एकतीस वर्षांचें. त्यांतहि कामाचीं वर्षें सुमारें बाराच. त्यांच्या मृत्यूला आतां तीन तपांहून अधिक काळ लोटला, तरी महाराष्ट्र त्यांना विसरला नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार विद्यार्थ्यांनीं अवश्य करावा.

स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजीं पुणें येथें झाला. वडील शिवाजीराव पाटील हे मूळचे खानदेशांतील शिरपूरकडील. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं झटलेले हे गृहस्थ पुढें राज्याच्या मंत्रिमंडळांतहि होते. मातोश्री विद्याताई या समाजसेविका होत्या. स्मिताबाईंचें शालेय शिक्षण पुण्याच्या रेणुका स्वरूप प्रशालेंत झालें. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांत लहानपणींच त्यांना लोकांसमोर उभें राहण्याची संवय जडली.

पुढें हें कुटुंब मुंबईस आलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं तेथें दूरदर्शनचें केंद्र सुरू झालें. दिल्लीस १९५९ सालीं आरंभ झाल्यानंतर देशांतील हें दुसरेंच केंद्र होय. त्या वेळीं चित्र काळेंपांढरें असे व तें मुंबईच्या परिसरांतच दिसे. आपल्या आंबोलीसारख्या दूरच्या गांवांना हें नवल केवळ ऐकून ठाऊक होतें. या केंद्रावर स्मिताबाई मराठी बातम्या वाचूं लागल्या, तेव्हां त्यांनीं विशीहि गाठली नव्हती. एरवीं त्या जीन्स घालीत आणि बातम्यांची वेळ झाली कीं त्यावरूनच साडी नेसून बसत, अशी आठवण सांगतात.

ही गोष्ट ऐकून हसूं येईल. परंतु वृत्तनिवेदन हें काम सोपें नव्हे. दुष्काळाची वार्ता असो, कोणा थोर पुरुषाच्या निधनाची असो वा क्रिकेटच्या सामन्याच्या निकालाची असो, निवेदिकेनें आपला हर्षखेद बाजूस ठेवून प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारावयाचा असतो. श्रोत्यांचें लक्ष आपल्याकडे न वेधतां सांगावयाच्या गोष्टीकडे वेधणें, हेंच त्या कामाचें मर्म. स्मिताबाईंच्या पुढील यशाचें बीज आम्हांस येथेंच दिसतें.

दूरदर्शनच्या पडद्यावरील हा शांत चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेंत भरला. १९७५ सालीं त्यांच्या ‘चरणदास चोर’ या मुलांच्या चित्रपटांत व पाठोपाठ ‘निशांत’मध्यें स्मिताबाईंनीं काम केलें. १९७६ चा ‘मंथन’ तर गुजराथेंतील पांच लक्ष दूधउत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये घालून निर्माण केला. त्यांत त्या खेड्यांतील एक गरीब स्त्री झाल्या. चित्रीकरणाच्या वेळीं त्या गांवच्या बायकांसारखींच वस्त्रें नेसून त्यांच्यांत बसत, आणि पाहावयास आलेल्यांना यांतील नटी कोणती हें उमगत नसे, असें सांगतात. मंत्र्याच्या मुलीनें धुळींत बसून परक्या बाईचें बोलणें, चालणें, गप्प राहणें न्याहाळावें, यांतच तिचें मोठेपण आहे.

१९७७ च्या ‘भूमिका’साठीं त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं ‘जैत रे जैत’मध्यें त्या ठाकर समाजांतील तरुणी झाल्या. ‘चक्र’मधील झोपडपट्टींतील आईच्या भूमिकेनें त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. ही कथा मूळ जयवंत दळवी यांच्या कादंबरींतली, आणि दळवी हे आपल्याच जिल्ह्यांतील, वेंगुर्ले तालुक्यांतल्या आरवलीचे, हें येथील वाचकांस अभिमानास्पद वाटेल. १९८२ च्या ‘उंबरठा’मध्यें स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षिका होऊन, घर कीं कर्तव्य हा प्रश्न त्यांनीं घरोघरीं नेला. पुढें त्यांनीं करमणुकीचे चित्रपटहि केले. परंतु लोकांनीं त्यांना मनांत जपलें तें या कष्टकरी स्त्रियांच्या रूपांत. १९८५ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री देऊन गौरविलें.

आणि येथेंच ही कहाणी अकस्मात् संपते. २८ नोव्हेंबर १९८६ रोजीं त्यांना पुत्र झाला. बाळंतपणानंतर प्रकृति बिघडली, आणि १३ डिसेंबर रोजीं मुंबई येथें त्यांचें देहावसान झालें. बाळ तेव्हां अवघें पंधरा दिवसांचें होतें. ‘मिर्च मसाला’ हा त्यांचा चित्रपट लोकांनीं पाहिला तो त्या गेल्यावर, १९८७ सालीं. मोठमोठीं रुग्णालयें हाताशीं असलेल्या नगरींतहि असा घाला पडूं शकतो. मग घाटमाथ्यावरील वाडींतल्या बाळंतिणीस ताप आला, तर तो अंगावर काढूं न देतां तिला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें, हें पालकांना वेगळें सांगावयास नको.

२०२४ सालीं ‘मंथन’ची नव्यानें दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आली, आणि परदेशीं लोकांनीं ती दूधवाली पुन्हां पाहिली. विद्यार्थिमित्रांनो, स्नेहसंमेलनांत वा वक्तृत्वाच्या स्पर्धेंत तुम्ही मंचावर उभे राहाल, तेव्हां आपण कसे दिसतों याची चिंता प्रथम मनांत येते. त्या वेळीं बातम्या सांगावयास बसलेल्या त्या मुलीचें स्मरण करा. जें सांगावयाचें आहे तें आधीं नीट समजून घ्या, ज्यांच्याविषयीं सांगावयाचें त्यांच्यापाशीं घटकाभर बसा, आणि मग तोंड उघडा.