कारखाने पाहणारा राजा

बडोद्यात वाढलेल्या मुलाने आजव्याचा तलाव पाहिला नाही, असे क्वचितच घडते. बंधाऱ्यावर उभे राहून वारा खावा, डबे सोडावेत आणि परतावे, अशी आपली रीत. परंतु मातीचा एवढा लांब बांध कसा टिकला, तलावातील पाणी यंत्राच्या साहाय्यावाचून, केवळ उताराने, शहरापर्यंत कसे आले, हे विचारणारा सहलीत एखादाच निघतो. ज्यांच्या कारकिर्दीत हे काम झाले, ते श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड मात्र जन्मभर असेच प्रश्न विचारीत हिंडले.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. मल्हारराव पदच्युत झाल्यावर, १८७५ साली, खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेब यांनी बारा वर्षांच्या गोपाळरावास दत्तक घेतले. अक्षरओळखीपासून शिक्षणास प्रारंभ करावा लागलेल्या या मुलाने १८८१ च्या अखेरीस राज्यसूत्रे हाती घेतली. आजव्याचे काम १८८५ साली सुरू झाले आणि १८९२ साली त्याचे पाणी शहरात खेळू लागले. त्या काळी विहिरी व तळ्यांच्या दूषित पाण्याने रोगराई पसरे, हे ध्यानी घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

१८८७ साली महाराज प्रथम युरोपास गेले, ते काही कारखाने पाहावयास नव्हे. निद्रानाशाने प्रकृती ढासळली होती आणि वैद्यांनी हवापालट सुचविला होता. परंतु स्वस्थ बसणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पुढे युरोप, अमेरिका, जपान असे अनेक प्रवास झाले आणि राजवाडे व निसर्गशोभा यांच्याबरोबरच शाळा, संग्रहालये, ग्रंथालये आणि कारखाने हीही त्यांची प्रेक्षणीय स्थळे बनली. यातील काय आपल्या प्रजेच्या उपयोगी पडेल, हा विचार त्यांच्या मनात सतत असे.

नुसते यंत्र विकत आणून भागत नाही, हे त्यांस घरीच कळले होते. गणदेवीस साखरेचा कारखाना काढून पाहिला. तो यशस्वी झाला नाही. यंत्र चालविणारा माणूस आधी घडवावा लागतो. १८९० साली बडोद्यात कलाभवन निघाले, त्यामागे हीच दृष्टी होती. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय तेथे असत आणि शिकविण्याची भाषा गुजराती होती. सामान्य कारागिराच्या मुलास इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडवू नये, हा विचार त्या काळी फारच थोड्यांना सुचला असेल! चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही याच कलाभवनात शिक्षण घेतले. आज विद्यापीठाचा अभियांत्रिकी विभाग म्हणून आपण जो ओळखतो, त्याचे मूळ येथे आहे.

या प्रवासांवर टीकाही पुष्कळ झाली. राजाने सदैव परदेशी राहावे हे प्रजेस महाग पडते, असे लोक म्हणत आणि त्यात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणवत नाही. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी तर संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रकच काढले. महाराजांस ते झोंबले. प्रवास मात्र थांबले नाहीत.

१९०६ सालच्या अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या मनात भरली. १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आले आणि गावोगाव ग्रंथालये निघाली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची १९३१ सालची इमारत मुलांनी अवश्य पाहावी. पुस्तकांच्या मांडण्या पोलादी आहेत आणि वरच्या मजल्यांची जमीन जाड काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत पोहोचतो. प्रथम पाय ठेवताना जरा भीतीच वाटते!

१९२६ साली राज्याच्या पश्चिम टोकास, समुद्रकाठी, ओखा बंदर खुले झाले. १९३३ साली सत्तरी ओलांडलेले महाराज शिकागोस सर्वधर्म परिषदेस गेले; त्याच सुमारास त्या शहरात विज्ञान व उद्योगांचे भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी ओखामंडळात, मिठापूर येथे, समुद्राच्या मिठापासून रसायने करणाऱ्या टाटांच्या कंपनीची स्थापना झाली. तो कारखाना पाहावयास मात्र महाराज उरले नव्हते.