परक्या विद्यालयाचे दार : डॉ. आनंदीबाई जोशी

ग्रंथालयाचे शतक म्हणजे नुसता ग्रंथसंख्येचा ताळेबंद नव्हे. त्या ग्रंथांनी किती मनांत दूरच्या प्रवासाची इच्छा जागविली, हेही त्यात पाहावे लागते. हळ्ळीखेड (बी) येथे मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा सीमेवरच्या गावातील वाचकाला दुसऱ्या भाषेत शिकणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. आज येथील मुले-मुलीही परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहतात. अशा वेळी, जिने कोणत्याही प्रमाणपत्राच्या आधाराविना अमेरिकेतील महाविद्यालयाचे दार ठोठावले आणि उघडून घेतले, त्या मराठी स्त्रीचे स्मरण या अंकात करणे औचित्याचे ठरेल.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. ज्या काळी बायको स्वयंपाकघरात रमली नाही म्हणून तिला मार मिळे, त्या काळी हे गृहस्थ ती पुस्तक सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून संतापत. त्यांचा हा ध्यास उदात्त होता, तशीच त्यांची रीत अनेकदा कठोर होती. चरित्रकाराने दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. त्या काळी पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे कुलीन स्त्रिया पसंत करीत. आपल्या स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हवी आणि ती आपणच व्हावे, हा निश्चय या दुःखातून दृढ झाला.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्राने साहाय्य मागितले होते. धर्मांतराची अपेक्षा पुढे आल्याने त्यातून काही निष्पन्न झाले नाही. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो सहज वाचला. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, आणि सातासमुद्रापलीकडे आनंदीबाईंना एक मावशी मिळाली. वाचनाच्या एका क्षणाने एका आयुष्याची दिशा बदलते, हे ग्रंथालयाच्या सभासदांस निराळे सांगावयास नको.

पुढे बंगालमध्ये श्रीरामपूर येथे बिऱ्हाड असताना जाण्याचे ठरले, तेव्हा स्वकीय आणि परकीय दोघेही विरोधात उभे राहिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात या सतरा वर्षांच्या मुलीने इंग्रजीत भाषण करून आक्षेपांना एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही दिली. टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी जेम्स यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला. व्हाइसरॉयनेही त्यात दोनशे रुपये दिले. ७ एप्रिल १८८३ रोजी पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा कार्पेंटरबाई स्वागतास उभ्या होत्या.

मात्र महाविद्यालयात प्रवेश अजून मिळालेला नव्हता. फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया १८५० साली स्थापन झाले होते आणि स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणात जगातील अग्रणी संस्थांत गणले जाई. आनंदीबाईंजवळ रीतसर शालेय शिक्षणाचा दाखला नव्हता आणि पैसाही तुटपुंजा होता. अर्जाच्या पत्रात त्यांनी यातले काहीही झाकले नाही. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे स्वतःच मान्य केले. आपली भाषांची जाण, केलेला अभ्यास आणि आपला हेतू एवढेच पुढे ठेवून, आपले प्रकरण अपवादात्मक मानावे अशी विनंती केली. अधिष्ठात्या रॅचेल बॉडली यांनी त्यांच्याकडे आस्थेने पाहिले. संस्थेने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदतही मंजूर केली.

त्या थंड हवेत नऊवारी आणि शाकाहार सांभाळीत त्यांनी अभ्यास केला. प्रकृती खालावत गेली, तरी अभ्यासक्रम त्यांनी सोडला नाही. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. पदवी मिळविली. समारंभास पंडिता रमाबाई आवर्जून उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली. परंतु नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी आल्या त्या क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आला आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्यांनी तो ठेवला.

ज्या रुग्णांसाठी त्या शिकल्या, त्यांची सेवा करण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. म्हणून त्यांचे आयुष्य विफल म्हणावे काय? काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचीत मराठी मुलींच्या पिढ्या वाढल्या, हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

आज अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत अर्ज करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यापुढे तेच प्रश्न निराळ्या रूपात उभे असतात : गुणपत्रिका, शिफारसपत्रे, स्वतःविषयीचा निबंध आणि शेवटी खर्चाची तरतूद. अर्जदाराची ऐपत न पाहता परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरविणाऱ्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या संस्था मोजक्याच आहेत, आणि तेथील स्पर्धा तीव्र आहे. पात्र असूनही नकार मिळणारे पुष्कळ असतात. आनंदीबाईंनाही यशाची खात्री कोणी दिली नव्हती. आपली उणीव न लपविता आपला हेतू स्पष्ट मांडणे एवढेच त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले. आपल्या कपाटातील त्यांचे चरित्र सीमाभागातील एखाद्या मुलीच्या हाती पडावे आणि तिने त्या अर्जाइतक्याच प्रामाणिकपणे आपला अर्ज लिहावा, हीच या शताब्दीनिमित्त त्यांना आदरांजली.