पंडिता रमाबाई : भुकेतून उभे राहिलेले मुक्तिसदन



दुष्काळ म्हणजे काय, हे उदगीरकरांना कोणी शिकवायला नको. १९७२ चा दुष्काळ आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती आठवण तर ताजीच आहे. म्हणून आज आम्ही अशा एका स्त्रीचे जीवन आपल्यापुढे ठेवीत आहोत, जिला दुष्काळाने पोरके केले आणि जी पुढे दुष्काळात सापडलेल्या मुलींची आई झाली.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे दुष्काळात या यात्रेकरू कुटुंबाची उपासमार झाली. आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे गावोगाव पायी भटकली. त्यांनी रानफळांवर दिवस काढले. थंडीत अंगावर घ्यायला काही नसे, तेव्हा ती खड्डा करून वाळूत अंग पुरून घेत.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता म्हणून गौरविले. पण लवकरच भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. पण शेजाऱ्यावरील प्रीती त्यांच्याकडून आपण जरूर शिकावी.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनेची सक्ती कोणावर केली नाही, तसे स्वतःच्या प्रार्थनेचे दारही लावून घेतले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथील हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना स्वतःचे दिवस आठवले. शेकडो जणींना त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर आणले. तेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

आधी अन्न आणि औषधपाणी, मग अक्षरओळख, मग हाताला काम, असा तेथला क्रम होता. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सारे मुलीच चालवीत. अंध मुली बोटांनी ब्रेल वाचू लागल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. मनोरमाबाईंनी तर आपल्याजवळच्या गुलबर्ग्यातही शाळा काढली. १९२१ मध्ये त्या वारल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो की, शरीर आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो. रमाबाईंना हे भुकेने शिकविले होते. नुसते पोट भरले तर माणूस उद्या पुन्हा दारात उभा राहतो. नुसता उपदेश केला तर तो उपाशीच परत जातो. आणि नुसते शिकविले, पण आपले म्हटले नाही, तर त्याचे मन पोरकेच राहते.

आपणही सणासुदीला गरजूंना धान्य देतो. ते चांगलेच आहे. पण पिशवी हातात देताना त्या माउलीचे नाव आपण विचारतो का? तिची मुलगी शाळेत जाते का? घरात कोणी आजारी आहे का? तिच्या मनावर कसले ओझे आहे का? खरे सांगायचे तर, पिशव्या मोजण्याच्या नादात हे प्रश्न आमच्याकडूनही राहून गेले आहेत.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने अशा एका तरी घरी जावे. रिकाम्या हाती जाऊ नये, आणि पिशवी ठेवून लगेच परतूही नये. थोडा वेळ बसावे, त्यांचे ऐकून घ्यावे. प्रभू येशू आपणांस तशी बुद्धी देवो.

आपले धर्मगुरू