मूठ उघडणारे सर जमशेटजी जीजीभॉय

वर्तकनगरचे आपले भाविक माहीमच्या नोव्हेनानंतर बांद्र्याच्या मोतमाउलीकडे ज्या रस्त्याने खाडी ओलांडतात, तो जीजीभॉय दांपत्याच्या दातृत्वातून उभा राहिला. १७८३ साली जन्मलेले जमशेटजी सोळाव्या वर्षी पोरके झाले व मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात शिरले. पुढे चीनच्या व्यापारात (त्यात अफूही होती, हे लपवण्यात अर्थ नाही) त्यांनी अमाप संपत्ती मिळवली. पै-पै जोडणाऱ्याची मूठ बहुधा घट्टच राहते, जमशेटजींची उघडली. रुग्णालयास त्यांनी लाख रुपये दिले. खाडीत माणसे बुडत असत, तरी सरकार खर्चास राजी नव्हते. तेव्हा पत्नी आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि पथकर घेऊ नये, अशी अट घातली. १८४५ साली रस्ता खुला झाला.