सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : पुणतांबे, अहमदनगर जिल्हा, १२ जानेवारी १९१८, मृत्यू : मुंबई, ५ जानेवारी १९८२) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार, गायक आणि निर्माते होते. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या वादकांनी घडवलेले जॅझ आणि क्युबातील रुंबा यांचे ताल हिंदी चित्रपटगीतात रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते. गायक म्हणून ते चितळकर हे नाव लावत. चित्रपटसृष्टीत त्यांना अण्णा म्हणत.

पूर्वायुष्य

रामचंद्रांनी पुण्यात विनायकबुवा पटवर्धन आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतले. ‘नागानंद’ या चित्रपटात ते नायक होते; परंतु तो चालला नाही. पुढे मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते संगीत विभागात पेटीवादक झाले. मा. भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) पासून हिंदीत त्यांचा जम बसू लागला.

गोमंतकीय वादक आणि नवे ताल

त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने असत. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना बालपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी अवगत होई. संगीतकार चाल गाऊन दाखवी. हे वादक ती लिहून घेत आणि निरनिराळ्या वाद्यांसाठी तिची मांडणी करत. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. याच चित्रपटातील ‘शोला जो भडके’ या गीतात बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा वापर आहे. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ निरर्थक अक्षरांच्या लयीवर उभे आहे. जॅझ गायनातही अशी रीत आढळते.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पाश्चात्त्य वळणाच्या चित्रपटगीतांना त्यांचा विरोध होता. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ‘विविध भारती’ १९५७ साली सुरू झाली.

रागसंगीताशी नाते

नव्या तालांमुळे रामचंद्रांचा रागसंगीताशी असलेला संबंध तुटला नाही. ‘अलबेला’तच पिलूवर आधारलेली ‘धीरे से आजा री’ ही अंगाई आहे. ‘अनारकली’ (१९५३) मधील ‘जाग दर्द-ए-इश्क’ बागेश्रीत, तर ‘नवरंग’ (१९५९) मधील ‘आधा है चंद्रमा’ मालकंसात बांधलेले आहे. वाद्यमेळ परका असला, तरी चाल गळ्यातून येई आणि ती ओठांवर सहज बसे. त्यामुळे त्यांची गीते केवळ अनुकरण ठरली नाहीत.

उत्तरायुष्य

१९६२ च्या चीन युद्धानंतर कवी प्रदीप यांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ या गीताला त्यांनी चाल दिली. लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत ते गायिले. पुढे हिंदीतील त्यांचे काम कमी होत गेले. मराठीत त्यांनी ‘धनंजय’ (१९६६) व ‘घरकुल’ (१९७०) हे चित्रपट केले आणि ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतगोपाल’ला संगीत दिले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले.