मादाम कामा आणि आपल्या घरचा झेंडा



दरवर्षी ऑगस्टात आपण घरावर झेंडा लावतो. गेल्या साली आमचा झेंडा पंधरा ऑगस्ट झाला तरी उतरवायचा राहून गेला. अलोऱ्याचा तो पाऊस! चार दिवसांनी पाहते तो कडेची शिवण उसवलेली आणि झेंडा काठीला चिकटून लोंबतो आहे. मनाला फार लागले. त्या वेळी मादाम कामांचे चरित्र आठवले. तेच थोडक्यात सांगते.

भिकाईजींचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईत एका सधन पारशी घराण्यात झाला. १८८५ साली रुस्तुम कामा या वकिलांशी त्यांचे लग्न झाले. घरात कशाची वाण नव्हती. पण पतीला इंग्रजांचे राज्य भले वाटे आणि बाईंना ते सहन होत नसे. त्यामुळे संसारात मन रमले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. बाई रोग्यांच्या सेवेत शिरल्या आणि त्यांनाही प्लेगने गाठले. जीव वाचला, पण प्रकृती ढासळली. उपचारासाठी १९०२ साली त्या विलायतेला गेल्या.

लंडनमध्ये त्यांनी दादाभाई नौरोजींबरोबर काम केले. राजकारण सोडल्याचे लिहून द्याल तरच मायदेशी जाता येईल, अशी सरकारने अट घातली. बाईंनी ती मानली नाही. त्या पॅरिसला राहिल्या. सासर, माहेर, आपली माणसे सोडून परमुलखात राहणे काय असते, हे आपण बायकांनीच समजावे.

२२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीत स्टुटगार्ट येथे समाजवाद्यांची मोठी परिषद भरली होती. देशोदेशीच्या पुढाऱ्यांपुढे साडी नेसलेली ही बाई उभी राहिली. तिने हिंदुस्थानच्या गरिबीची हकीगत सांगितली आणि आपला झेंडा उलगडला. तो तीन पट्ट्यांचा होता. त्यावर कमळे होती, मध्ये देवनागरीत वंदे मातरम् लिहिलेले होते आणि खाली सूर्य व चंद्रकोर होती.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स सरकारने त्यांना नजरकैदेत ठेवले. पुढे अर्धांगवायूने शरीर खचले. अखेर सरकारची अट मान्य करून १९३५ साली त्या मुंबईला परतल्या. तेहतीस वर्षांनी घरची माती पायाला लागली. १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य आणखी अकरा वर्षे दूर होते. त्यांचा झेंडा इंदुलाल याज्ञिकांनी लपवून हिंदुस्थानात आणला. पुण्याच्या केसरी-मराठा संस्थेने तो जपून ठेवला आहे.

आपला तिरंगा निराळा. तो २२ जुलै १९४७ रोजी ठरला. २००२ सालापासून आपल्याला घरावर तो कोणत्याही दिवशी लावता येतो आणि २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो. पण लावणे सोपे, सांभाळणे अवघड. केशरी पट्टा वर असावा. झेंडा जमिनीला टेकू नये. त्याच काठीवर दुसरे निशाण लावू नये. मळलेला, फाटलेला झेंडा लावू नये. उतरवल्यावर केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा, म्हणजे अशोकचक्र वर दिसते. मग तो स्वच्छ जागी ठेवावा. अगदी निकामी झाला तर केरात टाकू नये, एकान्तात मानाने जाळावा. आमचा झेंडा मी वाळवला आणि परसात, कोणाला न बोलावता, अग्नीला दिला. त्या वेळी डोळे भरून आले.

तेरा ऑगस्ट हा बाईंचा स्मृतिदिन. २०२२ साली घरोघरी तिरंगा सुरू झाला, तोही याच तारखेला. यंदा त्या दिवशी झेंडा लावताना तो कधी उतरवायचा हेही घरात सर्वांना सांगून ठेवू या. सातवी शिकलेल्या बाईचे लिहिणे आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.