कै. ताराबाई मोडक : मुलाच्या मागे त्याच्या घरी गेलेली शाळा

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरील व्यक्तीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रथमच देतो. आपले मंडळ शालान्त परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा दरवर्षी सत्कार करते, त्यांची नावे स्मरणिकेत छापते, आणि ते योग्यच आहे. परंतु पहिलीच्या पटावर नाव लागूनही जी मुले तिसरी-चौथीपर्यंत शाळेतून नाहीशी होतात, त्यांची यादी कोणी ठेवीत नाही. हंगामात कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे आपल्याही ज्ञातीत आहेत. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी ठेवलेल्या मुलीही आहेत. असे मूल वर्गात का येत नाही, ह्या एकाच प्रश्नाचा ज्यांनी मुळापर्यंत जाऊन विचार केला, त्यांत कै. ताराबाईंचे नाव आम्ही अग्रभागी ठेवतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे अनुयायी. त्यांनी विधवेशी विवाह केला होता, आणि त्या काळी असे करणाऱ्यास काय सोसावे लागे हे वडीलधाऱ्या वाचकांना निराळे सांगावयास नको. अशा घरात वाढलेल्या मुलीला लोकापवादाची भीती फारशी उरत नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला; तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या आणि राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. जागा मानाची होती व वेतनही बरे होते.

ती जागा त्यांनी सोडली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका हे मोंटेसरी पद्धतीचे बालमंदिर चालवीत होते. त्याची कीर्ती ऐकून १९२३ साली ताराबाई तेथे गेल्या. ज्या काळी छडी हे शिक्षकाचे मुख्य साधन समजले जाई, त्या काळी अडीच-तीन वर्षांचे मूल धाकाविना, आपल्या आवडीने काम करते व शिकते हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचे मासिक. ते आधी गुजरातीत निघाले व पुढे ताराबाईंनी मराठीतही आणले. भावनगरची सुमारे नऊ वर्षे ही त्यांच्या आयुष्यातील उमेदवारी होय. तेथून त्या मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू झाला.

दादरची शाळा नावारूपास आली. तथापि तेथे येणारी मुले बहुतांशी सुशिक्षित घरांतील होती. ज्या घरात पाटी-पेन्सिलीचीही चणचण आहे, तेथील मुलाला ह्या महागड्या साधनांचा काय उपयोग, हा प्रश्न उरलाच होता. वयाची पन्नाशी उलटल्यावर, जेव्हा बहुतेक माणसे मिळविलेल्या नावावर विसावतात, तेव्हा ताराबाईंनी शहर सोडले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी १९४५ साली ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. बोर्डीस आचार्य भिसे व चित्रे गुरुजी ह्यांनी शिक्षणाची भूमी आधीच नांगरून ठेवली होती. त्याच वर्षी अनुताई वाघ ताराबाईंस येऊन मिळाल्या. अनुताईंस बालपणीच वैधव्य आलेले. स्वतःच्या हिमतीवर शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. गुरू-शिष्येची अशी जोडी विरळा.

बोर्डीस बालवाडी उघडली, पण वस्तीवरची गरीब मुले आली नाहीत. विशेषतः त्या वेळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतून कोणी फिरकेना. अशा प्रसंगी शिक्षक सामान्यतः पालकांस दोष देतो आणि मोकळा होतो. हजेरीपट भरण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्यासारख्यांना हे चांगलेच ठाऊक आहे. गैरहजेरीची खूण करावयास क्षणही लागत नाही, परंतु तिचे कारण लिहावयास पटावर रकानाच नसतो. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. जे अंगण मिळेल तेथे मुले जमवावीत, त्यांना न्हाऊ-माखू घालावे, नखे कापावीत, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, खेळ. आई कामाच्या धबडग्यात असली तरी अंगणातले हे सारे तिच्या डोळ्यांसमोर चाले. आपले मूल स्वच्छ होते आहे, हसते आहे, कोणी त्याला हिडीस-फिडीस करीत नाही, हे पाहून तिच्या मनातील परकेपणा गेला. अंगणात भरते ती अंगणवाडी. हे नाव येथलेच. साधनेही येथलीच निघाली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने-फुले ह्यांनी मोजणी व रंगओळख होऊ लागली, आणि बालशिक्षण हे केवळ श्रीमंतांसाठी आहे हा समज मोडला.

ह्याहून कठीण कसोटी कोसबाडला लागली. डहाणूजवळच्या त्या टेकडीवर १९५७ साली संस्था गेली. भोवती वारली आदिवासींचे पाडे. जमीनदार व सावकार ह्यांच्या वेठबिगारीने हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पिचलेले. पांढरपेशा मनुष्य आपल्या दारी आला तर काही तरी घेण्यासाठीच येतो, असा त्यांचा अनुभव. ते शाळेवर विश्वास कसा ठेवणार? शिवाय घरातील सात-आठ वर्षांचे मूल हे मूल नव्हतेच, ते कमावते माणूस होते. मुलगा गुरे राखी. आईबाप मजुरीला गेले की मुलगी तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. मुलाला शाळेत धाडणे म्हणजे गुरांचे काय व तान्ह्याचे काय, असा रोकडा प्रश्न होता. त्यास शिक्षणाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान हे उत्तर नव्हे.

ताराबाई व अनुताईंनी दिलेले उत्तर साधे होते, आणि म्हणूनच आम्हांस ते थोर वाटते. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, आणि तेथेच प्राथमिक शाळा, असे सारे एका आवारात आणले. त्यास विकासवाडी म्हणत. थोरल्या बहिणीने यावे, कडेचे भावंड पाळणाघरात ठेवावे व आपण वर्गात बसावे. मुलीच्या गळतीवर ह्याहून नेमके औषध आमच्या पाहण्यात नाही. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षकाने साहित्याची पिशवी घेऊन कुरणात जावे, गुरे चरत असताना झाडाखाली मुलांना जमवावे, आणि एखादे जनावर भरकटले तर धडा थांबवून मुलाला त्यामागे जाऊ द्यावे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. थोडक्यात, कुटुंबाचा दिनक्रम शाळेसाठी मोडावयाचा नाही, शाळेने त्यात आपली जागा शोधावयाची, अशी ही रीत.

कायद्याचा मार्ग आपल्याकडे ह्याआधीच चोखाळला गेला होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सबंध बडोदे संस्थानात शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली तसाच हुकूम काढून, मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. ह्या दोन्ही राजांविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, आणि दंडाची जरब प्रसंगी हवी असेही आम्ही मानतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम १९४७ आला, २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. परंतु कायद्याने नाव पटावर चढते. दररोज सकाळी मुलाला वर्गापर्यंत आणण्याचे काम कोणा तरी जिवंत माणसालाच करावे लागते. आपल्या मंडळाच्या गावोगावच्या शाखांनी कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात कोठे जाते, त्याच्या मुलांना कोणा नातलगाकडे ठेवता येईल, कोणती मुलगी पाळण्यापायी अडकली आहे, एवढी साधी नोंद जरी ठेविली, तरी शिष्यवृत्तीच्या निधीचा काही भाग कोठे खर्चावा हे आपोआप दिसेल. कार्यकारिणीने ह्या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. उतारवयातही त्यांचे लक्ष कोसबाडच्या पाड्यांवरच होते. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज ते देशात खेडोपाडी ऐकू येते. टेकडीवरचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले, ते १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत.